साठच का? कार्बनचे पुंजके, फुटबॉल आणि नवे स्थायू

द्राक्षबागेतली_बाई

मंडळी नमस्कार. तासगावजवळच्या एका शाळेत मी नववीला विज्ञान शिकवते. कार्बनच्या धड्यात हिरा आणि ग्राफाइट मुलं आवडीने ऐकतात. मग फुलरीन येतं आणि चार ओळींत उरकतं. साठ अणू, फुटबॉलचा आकार, पुढचा मुद्दा. यंदा मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, साठच का? अठ्ठावन्न असते तर काय बिघडलं असतं?" त्यावर पुढच्या बाकावरची एक म्हणाली, "आणि असे खूप गोळे एकत्र केले तर त्याचा खडा होतो का?"

शोधायला गेले तर एक तर अगदी बाळबोध मिळतं, नाही तर पहिल्याच पानावर समीकरणांची फौज. आपल्याकडे रसायनवाले, फौंड्रीवाले, रिकामटेकडे (प्रेमाने म्हणतेय) सगळे आहेत. साठचं कोडं नववीला पटेल असं कसं सांगावं? साठापेक्षा कमी अणू जमले तर ते कसे बसतात? आणि त्या पोरीच्या खड्याचं काय?

भडंगप्रेमी

सोपं आहे बाई. राज्य सरकार अठ्ठावन्नला रिटायर करतं, पण चतुर्थश्रेणीला साठ. कार्बनची संयुजा चार. म्हणजे चतुर्थश्रेणी. म्हणून साठ.

टपरीवरचा_तज्ज्ञ

खिक्! धागा इथेच बंद करा, उत्तर मिळालं.

कोयनाकाठ

भडंगप्रेमींना साष्टांग नमस्कार. आता जरा कामाचं बोलू.

बाई, लहान पुंजक्यांपासून सुरुवात करा म्हणजे साठ आपोआप येईल. हिऱ्यात प्रत्येक अणूला चार शेजारी, अंतर १.५४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). ग्राफाइटच्या थरात तीन शेजारी, अंतर १.४२, आणि दोन थरांमध्ये ३.३५. दोन्हीकडे आतला अणू सुखी असतो. पंचाईत होते ती कडेच्या अणूची, कारण त्याचे काही बंध मोकळे राहतात. मोठ्या स्फटिकात कडेचे अणू एकूण अणूंच्या मानाने इतके थोडे की त्यांना कोणी विचारत नाही. पण दहाच अणूंचा हिरा करायला गेलात तर जवळपास सगळेच कडेला येतात! म्हणून दहा अणूंचा पुंजका हा हिऱ्याचा छोटा तुकडाही नसतो आणि ग्राफाइटचाही नसतो. तो आपली वेगळीच सोय बघतो.

ती सोय अशी. साधारण दहाच्या आत सरळ साखळी, कारण मग मोकळी फक्त दोन टोकं. दहाच्या पुढे साखळी पुरेशी लांब झालेली असते, टोकाला टोक जुळवून कडं केलं तर वाकवण्याचा खर्च परवडतो आणि एकही टोक मोकळं उरत नाही. वीस-पंचवीसपर्यंत कड्यांचं राज्य. तिसाच्या पुढे बंद पिंजरे दिसू लागतात.

मुलं विचारतील की हे दिसलं कसं. पुंजक्यांना विद्युतभार देऊन हेलियम भरलेल्या नळीतून विजेच्या ओढीने पुढे न्यायचं. वजन सारखं असलं तरी लांबट साखळी हेलियमच्या अणूंना जास्त आपटते आणि उशिरा पोचते, कडं तिच्या आधी, आटोपशीर पिंजरा सगळ्यांच्या आधी. पोचण्याच्या वेळेवरून आकार ओळखायचा. १९९०च्या आसपास बॉवर्स आणि जॅरोल्ड यांच्या गटांनी अमेरिकेत हे काम केलं. एकाच वजनाचे तीन आकार तीन वेगळ्या वेळांना बाहेर पडताना दिसतात, ते आलेख बघायला मला अजूनही मजा येते.

गलाई_विटेकर

आम्ही गलाईवाले. खानापूर-आटपाडीकडची निम्मी माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलीत, त्यातलाच एक. आमची मूस ग्राफाइटचीच असती. सोनं १०६४ अंशाला वितळतं, तेवढ्यात मुशीला काय होत न्हाई. पण कोयनाकाठ, एक सांगा. मूस वापरून वापरून काठाला पातळ होत जाती. तो कार्बन जातो कुठं? त्यातनं हे फुटबॉल होत असतील का? न्हाई म्हंजे आम्ही इतकी वर्षं धुराड्यातनं नोबेल सोडून दिलं का काय!

कोयनाकाठ

@गलाई_विटेकर, नोबेल गेलं नाही, निश्चिंत राहा. तुमच्या मुशीचा काठ हवेतल्या ऑक्सिजनमध्ये जळतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. वाफ होत नाही. ग्राफाइटची खरोखर वाफ करायची तर साडेतीन हजार अंशांच्या वर जावं लागतं, आणि आसपास ऑक्सिजन नको. सुटे अणू हेलियमसारख्या कशातही न पडणाऱ्या वायूत हळूहळू थंड झाले तरच त्यांना एकमेकांशी जुळायला सवड मिळते.

वारणेचा_वाघ

काजळाच्या डबीत असतात असं ऐकलेलं. आजी तुपाच्या दिव्यावर तांब्याची वाटी धरून काजळ पाडायची.

कृष्णामाई

@वारणेचा_वाघ, दिव्याची काजळी म्हणजे मुख्यतः अतिसूक्ष्म कण, काही दशांश नॅनोमीटरच्या फटी असलेले वेडेवाकडे थर एकमेकांवर रचलेले. ज्योतीत फुलरीन होऊ शकतं हे खरं, पण दिव्यातलं प्रमाण नगण्य. एमआयटीत १९९१ साली बेंझीनची ज्योत मुद्दाम कमी दाबात जाळून मोजण्याजोगं फुलरीन काढलं होतं. आजीच्या काजळाला काजळच राहू द्या.

आता बाईंच्या साठकडे येते, कारण तो भाग नववीला कातरकाम करून दाखवता येतो. कोंबड्या झाकायचं डालगं बघितलंय ना? आमच्या गावचा बुरूड ते सहाकोनी विणीने विणायचा. नुसते सहाकोन विणत गेलं की चटई सपाट राहते. घुमट आणायचा असेल तिथे तो एक पट्टी कमी घेतो, तिथे सहाच्या जागी पाच कोन पडतात आणि वीण आपोआप वर उचलली जाते. कार्बनचं हेच आहे. ग्राफाइटचा थर म्हणजे नुसते षटकोन, म्हणून सपाट. पंचकोन आला की बाक आला.

किती पंचकोन हवेत? पूर्ण बंद गोळ्याला बरोबर बारा. अकरा नाही, तेरा नाही. हे नववीच्या गणितात बसतं. सपाट जागी एका बिंदूभोवतीचे कोन मिळून ३६० अंश. सी-६० मध्ये, म्हणजे आपल्या साठ अणूंच्या गोळ्यात, प्रत्येक अणूवर दोन षटकोन आणि एक पंचकोन, म्हणजे १२० + १२० + १०८ = ३४८. बारा अंश कमी. साठ अणू गुणिले बारा = ७२०. कुठलाही बंद गोळा घ्या, तूट ७२० अंशच भरते. नुसत्या पंचकोनांचा वीस अणूंचा गोळा घेतला तर प्रत्येक अणूवर ३२४, तूट ३६, वीस गुणिले छत्तीस, पुन्हा ७२०. पोरांना फळ्यावर करायला लावा, त्यांनाच नवल वाटेल.

आणि षटकोन कितीही चालतात, शून्य, दोन, तीन, वीस, पंचवीस. फक्त एक चालत नाही. बारा पंचकोन आणि एकच षटकोन असा बंद गोळा बनतच नाही, म्हणून बावीस अणूंचं फुलरीन नाही. मागच्या बाकावरच्याला हे कोडं म्हणून द्या.

अजिंक्यतारा_पायथा

थांबा थांबा. १२ ग्रॅम गुणिले ६० पण ७२०! सी-६०चं वस्तुमान ७२०, कोनांची तूट ७२०. हा योगायोग का काही गूढ?

कृष्णामाई

निव्वळ योगायोग. सी-७०चं वस्तुमान ८४०, तूट मात्र ७२०च. आता कृपया यावर व्हॉट्सॲप फॉरवर्ड तयार करू नका.

टपरीवरचा_तज्ज्ञ

उशीर झाला, मी केला. "नासाही चकित" जोडलंय शेवटी.

पेठेतला_पैलवान

फुटबॉलचा विषय निघाला आणि अजून एकही कोल्हापूरकर आला नाही? लाईट गेली वाटतं तिकडं.

पंचगंगा_पॅव्हेलियन

आलो आलो. बत्तीस तुकड्यांचा तो चेंडू, बारा काळे पंचकोन आणि वीस पांढरे षटकोन, १९७०च्या विश्वचषकात टेलस्टार म्हणून आला. आम्ही त्याच्यावरच वाढलोय. सांगलीकरांनी फुटबॉल रसायनशास्त्रातनं शिकावा यातच सगळं आलं. बाकी चालू द्या.

शंकासूर

डालगं छान आहे, पण कृष्णामाई, तुम्ही "बारा पंचकोन का" याचं उत्तर दिलंत. "साठ का" याचं दिलेलं नाही. तुमच्याच हिशोबाने २४, २८, ३६, ५०, ५८ सगळे बंद होतात. मग साठने काय घोडं मारलंय?

कृष्णामाई

रास्त. पुढचा तुकडा असा. दोन पंचकोन एकमेकांना चिकटले की तिथे बाक फार तीव्र होतो, बंध ताणले जातात आणि तो कोपरा रासायनिकदृष्ट्या कमकुवत होतो. सगळ्यात निवांत गोळा तो, ज्यात कुठलेच दोन पंचकोन एकमेकांना लागून नाहीत. बारा पंचकोन, प्रत्येकाचे पाच कोपरे, एकही कोपरा सामायिक नाही. बारा पंचे साठ. त्याहून कमी अणूंत हे जमणारच नाही. साठ अणूंचे बंद पिंजरे कागदावर १८१२ तऱ्हांनी जुळवता येतात. त्यातल्या एकाच तऱ्हेत सगळे पंचकोन सुटे आहेत. तोच आपला फुटबॉल.

अठ्ठावन्नचं उत्तरही यातच आलं. सी-५८ होतो, पण त्यात पंचकोन चिकटलेले असणारच. आणि ५७ का नाही? प्रत्येक अणूला तीन बंध, प्रत्येक बंध दोन अणूंचा. तीन गुणिले अणू ही संख्या दोनने भागली गेली पाहिजे. म्हणून पिंजऱ्यात अणू कायम समसंख्येने. प्रयोगातही तसंच दिसलं. वजनांच्या आलेखात चाळिसाच्या पुढे फक्त सम अणुसंख्येची शिखरं.

वारणेचा_वाघ

बारा पंचे साठ. एवढं साधं? वाचनखूण साठवली.

शंकासूर

भूमितीपुरतं मान्य. पण माझा आक्षेप अजून उभा आहे. "सर्वात स्थिर म्हणून साठ" असं मुलांना सांगू नका, ते चूक ठरेल. दर अणूमागे ऊर्जा मोजली तर ग्राफाइट सगळ्यात खाली, आणि सी-६० त्याच्यापेक्षा साधारण ४० किलोज्यूल प्रति मोल वर. सी-७० सुद्धा दर अणूमागे सी-६० पेक्षा किंचित स्थिर. गोळा जितका मोठा तितका बाक कमी, तितका तो ग्राफाइटच्या जवळ. नुसत्या स्थैर्यावर निवडणूक झाली असती तर सगळी काजळी ग्राफाइट झाली असती.

साठ वर येतो तो प्रयोगाच्या परिस्थितीमुळे. १९८४ मध्ये एक्सॉन या तेलकंपनीच्या प्रयोगशाळेत रोल्फिंग, कॉक्स आणि कॅल्डॉर यांनी कार्बनचे पुंजके केले, तेव्हा साठचं शिखर शेजाऱ्यांपेक्षा थोडंसंच उंच होतं, आणि त्याकडे फारसं कोणाचं लक्षही गेलं नाही. पुढच्या वर्षी ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात पुंजक्यांना हेलियममध्ये एकमेकांवर आपटायला जास्त सवड दिली, तेव्हा साठचं शिखर एकदम डोक्यावर गेलं, सत्तर त्याच्या मागोमाग, आणि बाकीचे जमीनदोस्त. म्हणजे बाकीचे पिंजरे वाढत राहिले, फुटत राहिले, पुन्हा जुळत राहिले. साठवर आले ते अडले, कारण त्याला कुठे कमकुवत कोपराच नाही. टिकून राहणं आणि सगळ्यात स्थिर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोयनाकाठ

@शंकासूर, शंभर टक्के सहमत, आणि बाई, हे नक्की सांगा. हिराही याच न्यायाने टिकतो. साध्या दाबाला ग्राफाइट हिऱ्यापेक्षा स्थिर असतं, पण म्हणून कोणाच्या अंगठीत पेन्सिल झालेली नाही.

राइसची हकिकत मुलांना आवडेल म्हणून थोडक्यात. हॅरी क्रोटो इंग्लंडमधल्या ससेक्सचे. त्यांना लाल राक्षसी ताऱ्यांच्या आसपास कार्बनच्या लांब साखळ्या कशा होतात हे तपासायचं होतं. यंत्र रिचर्ड स्मॉली यांचं, आणि दोघांची गाठ घालून देणारे रॉबर्ट कर्ल. सोबत हीथ, ओब्रायन आणि लियू हे विद्यार्थी. १९८५चा सप्टेंबर. साखळ्या शोधायला गेले आणि ७२० वर हे शिखर. स्मॉलींनी रात्री घरी कागदाचे षटकोन कापून चिकटवायला घेतले, काही केल्या गोळा बंद होईना. पंचकोन घातले आणि बंद झाला. १९९६चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. जपानच्या एजी ओसावांनी हाच रेणू १९७० मध्ये कागदावर सुचवला होता, पण तो लेख जपानीत होता आणि बाहेर कोणी वाचला नाही. आपण मराठीत लिहितो, तेव्हा जपून.

मिरज_जंक्शन

पण बाईंच्या दुसऱ्या विद्यार्थिनीचा खडा राहिलाच की! सगळे फुटबॉल खेळण्यात गुंग.

कोयनाकाठ

खडा आलाच. माझ्या मते फुलरीनच्या इतिहासातला खरा थरार तिथेच आहे, नोबेलच्या शिखरात नाही.

राइसच्या यंत्रात होणारे रेणू इतके थोडे की ते फक्त आलेखावर दिसायचे. ना रंग कळला, ना घनता. पाच वर्षं फुटबॉलचा आकार हा एक जोरदार अंदाज होता, त्यावर शंका घेणारेही होते. मग १९९० मध्ये हायडेलबर्गचे वोल्फगांग क्रेचमर आणि ॲरिझोनाचे डोनाल्ड हफमन पुढे आले. दोघांचा विषय अंतराळातली धूळ. हेलियम भरलेल्या हंडीत, वातावरणाच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्श्याएवढ्या दाबात, ग्राफाइटच्या कांड्यांतून जबर प्रवाह सोडून ते काजळी करत. १९८३ मध्येच त्यांच्या काही काजळीच्या वर्णपटात दोन विचित्र उंचवटे दिसले होते. ते आपापसांत त्याला उंट म्हणायचे. कचरा असेल म्हणून तेव्हा बाजूला ठेवलं.

पुढे त्यांनी अवरक्त वर्णपट पाहिला. इतक्या सममित गोळ्याला अवरक्तात फक्त चारच ठळक रेषा दिसतील असं गणित सांगत होतं. काजळीत चार रेषा होत्या. मग कार्बन-१३, म्हणजे जरा जड अणूंचा कार्बन, वापरून पुन्हा काजळी केली, रेषा जितक्या सरकायला हव्या तितक्याच सरकल्या. आणि शेवटी काजळीत बेंझीन ओतलं. साधी काजळी बेंझीनमध्ये विरघळत नाही. इथे द्राव लाल झाला. बेंझीन उडून गेल्यावर तळाशी बारीक स्फटिक राहिले.

तर त्या मुलीला सांगा, होय, खडा होतो. हिरा आणि ग्राफाइट यांच्यानंतर हातात धरता येण्याजोगं शुद्ध कार्बनचं तिसरं स्फटिक. पण हिऱ्यासारखा नाही. हिऱ्यात सगळा खडा मिळून एकच रेणू म्हणा, आरपार बंधच बंध. सी-६०च्या खड्यात गोळे सुटे आहेत, एकमेकांना नुसते टेकलेले. म्हणून खडा मऊ. घनता सुमारे १.७, हिऱ्याची ३.५. दोन गोळ्यांच्या मध्यांत १० अँगस्ट्रॉम, गोळ्याचा व्यास ७.१. रचना फलककेंद्रित घन, म्हणजे घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर एकेक गोळा, कडा १४.१७ अँगस्ट्रॉम. आणि सगळ्यात गंमत म्हणजे खडा टेबलावर शांत पडलेला असताना आत प्रत्येक गोळा जागच्या जागी सेकंदाला अब्जावधी गिरक्या घेत असतो. पाणी गोठतं त्याच्या थोडं खाली गेल्यावर त्या गिरक्या अडखळतात आणि स्फटिकाची रचना बदलते.

अजिंक्यतारा_पायथा

शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. नुसते टेकलेले, आणि गरागरा फिरतायत.

हळदीचा_हिशेब

आमच्या ग्रुपवर "शुंगाइट" नावाचा काळा दगड फिरतोय. पाण्यात टाका, फुलरीन उतरतं, शुगर जाते, गुडघे बरे होतात. एक जण सी-६० घातलेलं तेलही विकायलाय. घ्यावं का?

कृष्णामाई

शुंगाइट हा रशियातल्या करेलियाचा कार्बनयुक्त खडक. १९९२ मध्ये त्याच्या नमुन्यात फुलरीन सापडल्याची नोंद आहे, फॉरवर्डवाले तेवढंच धरून बसलेत. फुलरीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. दगड टाकून काय उतरणार? आणि ते तेल पोटात घ्यायचं औषध म्हणून माणसांवर सिद्ध झालेलं नाही. शुगरसाठी डॉक्टर, गुडघ्यासाठी डॉक्टर.

हळदीचा_हिशेब

बरं झालं विचारलं. विकणारा साडूच आहे, आता दिवाळी अवघड.

तंबूतला_ऑपरेटर

नातवाने धागा वाचून दाखवला, म्हणून लिहितोय. आम्ही टूरिंग टॉकीजवर होतो. औंध, पाल, मांढरदेव, म्हसवड, जत्रा लागली की तंबू. प्रोजेक्टरला बल्ब नव्हता, कार्बनच्या दोन कांड्या. वरून तांब्याचा पातळ मुलामा. पॉझिटिव्ह जाड, निगेटिव्ह बारीक. टोकं टेकवायची, ठिणगी पडली की जरा मागं घ्यायची, मध्ये जाळ. काळ्या काचेतनं बघायचं, नुसत्या डोळ्यानं बघितलं तर रात्रभर डोळ्यांत खडे. पॉझिटिव्हला खळगा पडतो, उजेड त्या खळग्याचा असतो, जाळाचा नव्हे. कांड्या जळून फट वाढली की पडद्यावर अंधार आणि तंबूत शिट्ट्या. फट कमी झाली की फुस्स आवाज येऊन निगेटिव्हच्या टोकावर बोंडूक धरायचं. ते चिमट्यानं मोडून टाकायचं. सबंध खेळभर एक हात मुठीवर. हिरोईन कोण होती ते आम्हाला कधी कळलंच नाही.

मग हे काजळीवाले म्हणता ते आणि आमचं एकच का?

कोयनाकाठ

काका, तुमच्या पोस्टीने धागा सोन्याचा झाला. जवळजवळ एकच. क्रेचमर-हफमन यांच्या कृतीनंतर लगेच राइसवाल्यांनी कांड्यांत थोडी फट ठेवून तुमच्यासारखाच आर्क (तुमचा तो मधला जाळ) पाडला, आणि फुलरीन जास्त मिळू लागलं. फरक एवढाच की तुमचा आर्क हवेत, त्यांचा हेलियममध्ये.

आणि ते बोंडूक! १९९१ मध्ये जपानच्या त्सुकुबातल्या एनईसी प्रयोगशाळेत सुमिओ इजिमा यांनी निष्क्रिय वायूतल्या आर्कमध्ये निगेटिव्ह कांडीवर जमलेला थरच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली धरला. बाकीचे हंडीच्या भिंतीवरची काजळी खरवडत होते. इजिमांना कांडीवरच्या थरात सुईसारख्या सरळ, अतिसूक्ष्म नळ्या दिसल्या, ग्राफाइटचा थर गुंडाळलेला, नळीत नळी. त्याच आजच्या नॅनोनळ्या. षटकोनांची भिंत, आणि टोक बंद करायला पुन्हा तेच पंचकोन, एका टोकाला सहा.

गलाई_विटेकर

म्हंजे काकांनी नोबेल चिमट्यानं मोडून टाकलं. मी एकटाच न्हाई म्हणा की.

तंबूतला_ऑपरेटर

आमचं बोंडूक मोडलं नसतं तर तंबू पेटवला असता लोकांनी.

मिरज_जंक्शन

एक प्रश्न. शीर्षकात "नवे स्थायू" आहे. सी-६०चा खडा झाला. पुढे काय? उपयोग काय?

शंकासूर

"उपयोग काय" हा प्रश्न मला नेहमी खटकतो, पण उत्तर देतो. पहिली मोठी बातमी १९९१ची, बेल लॅब्जची. सी-६०च्या खड्यात गोळ्यांमध्ये पोकळ्या राहतात, एका गोळ्यामागे तीन. त्या तिन्हींत पोटॅशियमचे अणू बसवले तर तो खडा १८ केल्विनच्या खाली अतिवाहक होतो, म्हणजे विजेला रोध शून्य. पोटॅशियमच्या जागी रुबिडियम बसवलं की तेच २८ केल्विनच्या आसपास होतं, कारण मोठा अणू गोळ्यांना थोडं लांब ढकलतो. आणि हाव धरून तीनऐवजी सहा पोटॅशियम कोंबले तर सगळं बिघडतं, खडा विसंवाहक होतो. काय ठेवलं यापेक्षा कुठे आणि किती ठेवलं यावर खेळ आहे.

दुसरं, खड्यावर प्रकाश किंवा दाब टाकला तर नुसते टेकलेले गोळे एकमेकांशी बंध करून जोडले जातात. १९९२ मध्ये फ्रान्समध्ये सी-६० साध्या तापमानाला झटकन प्रचंड दाबून त्याचा हिरा केला. अगदी अलीकडे, २०२२ मध्ये, चीनमधल्या संशोधकांनी गोळे एका सपाट थरात बंधांनी गुंफले. तिथे वीट म्हणजे अणू नाही, सबंध रेणू आहे. माझ्या मते नवे कार्बन स्थायू म्हणायचं तर ते हे. रोज उठून संगणकावर नवं नाव देऊन जाहीर होणारे कागदी कार्बन मी मोजत नाही.

कोयनाकाठ

शेवटच्या वाक्याशी असहमत. सी-६० सुद्धा वीस वर्षं कागदीच होता.

शंकासूर

म्हणून तर मोजत नाही म्हणालो, होणार नाही असं म्हणालो नाही.

पेठेतला_पैलवान

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वनश्री_सातारा

आपल्याकडचंही नाव येऊ द्या. बंगळुरूत सी. एन. आर. राव यांच्या गटाने फुलरीन आणि नॅनोनळ्यांवर नव्वदच्या दशकापासून भरपूर काम केलंय. आणि क्रोटोंचा मूळ प्रश्न ताऱ्यांचा होता ना? २०१० मध्ये स्पिट्झर दुर्बिणीने टीसी-१ नावाच्या ग्रहीय तेजोमेघात (मरत्या ताऱ्याने सोडलेल्या वायूच्या ढगात) सी-६० आणि सी-७० दोन्ही टिपले. अवरक्त रेषांवरूनच.

द्राक्षबागेतली_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तास घेतला. जुन्या कॅलेंडरच्या जाड पानांतून षटकोन-पंचकोन कापून घेतले. आधी मुद्दाम नुसते षटकोन दिले, पोरांनी चटई केली आणि हिरमुसली. मग पंचकोन वाटले. एका गटाने दोन पंचकोन शेजारी लावले तर तिथे डिंक धरेना, सारखं उकलायचं. मी काही बोलायच्या आधीच एक जण म्हणाली, "बाई, इथं ताण येतोय." बारा पंचे साठ त्यांनीच काढलं.

मागच्या बाकावरचा ऐकतो कसला. म्हणाला, "मग एकसष्टपासून पुढे सगळेच चालायला पाहिजेत. जागा वाढली, पंचकोन सुटे राहणार." मी म्हटलं, विचारून सांगते. आणि बावीसवाल्या कोड्यावर चिंचेच्या झाडाखाली अजून तीन जण बसलेत.

कृष्णामाई

त्याला शाबासकी द्या! विषमसंख्या तर आधीच बाद. राहिले ६२, ६४, ६६, ६८. जागा वाढते हे खरं, पण एक ते चार षटकोन जास्तीचे घातले तर ते कुठेही घुसवून बाराही पंचकोन सुटे राहतील असं जुळतच नाही. चारही संख्यांत निदान एक जोडी चिकटतेच. पुढचा जमणारा आकडा थेट ७०. साठच्या गोळ्याचे दोन भाग करून मध्ये दहा अणूंचा पट्टा घातला की सत्तर, पंचवीस षटकोन, थोडा लांबट. राइसच्या आलेखात साठनंतर सत्तरच का उठून दिसला, ते यातच आहे.

पडताळा पण आहे. चुंबकीय वर्णपटात सी-६०ची एकच रेषा येते, कारण साठही अणू अगदी एकसारख्या जागी आहेत. सी-७०च्या पाच येतात, कारण त्यात अणूंच्या जागा पाच प्रकारच्या.

वनश्री_सातारा

कड्यांचंही सांगा त्याला. कोयनाकाठांनी वर दहापासून वीस-पंचवीसपर्यंत कडी म्हटलं, ती आता एकेक करून प्रत्यक्ष बघितली गेलीत. २०१९ मध्ये ऑक्सफर्ड आणि झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेने अठरा अणूंचं कडं मिठाच्या पातळ थरावर, उणे २६८ अंशांत, सुईच्या टोकाने घडवलं आणि त्याचं चित्र काढलं. बंध एकाआड एक, एकेरी आणि तिहेरी. २०२३ मध्ये शांघायच्या तोंगजी विद्यापीठाने दहा आणि चौदाची कडी केली.

भडंगप्रेमी

बाई, परीक्षेत पोराने "सुटे पंचकोन" लिहिलं तर मार्क मिळतील का?

द्राक्षबागेतली_बाई

माझ्याकडे मिळतील. बोर्डाचं मी काही बोलत नाही.

तंबूतला_ऑपरेटर

बाई, माळ्यावर अजून कांड्यांचं एक खोकं आहे. मुलांना दाखवायचं तर घेऊन जा. आर्क पण पाडून दाखवला असता.

कोयनाकाठ

काका, कांड्या जरूर द्या, पण आर्क वर्गात नको. त्यातले अतिनील किरण पोरांच्या डोळ्यांना बाधतील. बाई, कांडीतून टॉर्चचे दोन सेल आणि एलईडी जोडून वीज जाते एवढं दाखवा, कांडीवरचा तांब्याचा मुलामा आधी पूर्ण खरवडून, नाहीतर वीज तांब्यातूनच जाईल. मग त्याच ठिकाणी लोणारी कोळसा जोडा, एलईडी बहुधा लागणार नाही. कार्बन दोन्हीकडे आहे, रचना वेगळी. त्यावर मागच्या बाकावरून काय येतं ते इथे कळवा.

द्राक्षबागेतली_बाई

काका, रविवारी आले तर चालेल का? पत्ता व्यनि करा.

तंबूतला_ऑपरेटर

व्यनि म्हंजे काय ते नातवाला विचारून करतो. जेवूनच जा.